आजीच्या पायाशी

मेंढ्या डोंगरावरून उतरवून आठवडा झाला होता. आता मेलेल्यांना उतरवायची पाळी होती.

हे वाक्य ब्रांदुरचं. सकाळी कॉफीच्या टेबलावर त्याने ते विनोद म्हणून टाकून पाहिलं. कोणी हसलं नाही, तसा तो घसा खाकरून क्लाइना, तळलेली गोड वळी, कॉफीत बुडवू लागला. बाक्की नावाच्या त्या शेतघराच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी हसायला कोणी आलंच नव्हतं. बर्फ वितळायला लागलं की कोल्गा नदीवरच्या नव्या धरणाची दारं मिटणार होती आणि उन्हाळा संपायच्या आत पाणी या घराच्या चुलीपर्यंत येणार होतं. त्याआधी कुरणामागच्या दगडी कुंपणात निजलेली घरची पाच माणसं उचलून खाली होफ गावच्या चर्चच्या आवारात न्यायची होती. खणणारे दोघं बाहेर गाडीला टेकून सिगारेट ओढत होते. वाट फक्त पाद्र्याची होती.

ओद्नी चुलीपाशी उभी होती. बसायला खुर्ची होती, पण पाहुणे असले की ओद्नीने बसायचं नाही, असा नियम तिने स्वतःच केव्हातरी केला होता आणि आता साठीला टेकल्यावर तो मोडायची सोय राहिली नव्हती. ती तिघांत थोरली. लग्न केलं नाही, बाक्की सोडली नाही. ब्रांदुर तिच्याहून दहा वर्षांनी धाकटा. त्याची बायको गेल्यावर त्याचा मुलगा ओर्री याला वाढवला तो ओद्नीनेच. आणि ऊना म्हणजे शेंडेफळ. तिकडे राजधानीत शाळेत शिकवायची आणि गेली दोन वर्षं धरणाविरुद्ध वर्तमानपत्रांत लिहायची. या लेखांपायी ब्रांदुर तिच्याशी फोनवर फक्त हवामानाबद्दल बोलत असे.

"पेट्या तयार आहेत," ब्रांदुर म्हणाला. "किनाऱ्याला वाहून आलेलं लाकूड होतं बाबांनी जमवलेलं, त्याच्याच केल्या. पाच."

"पाहिल्या मी," ऊना म्हणाली. "छान झाल्यात. बटाटे ठेवायला."

"पूर्ण शवपेट्या कशाला लागतात? राहिलंय काय त्यांच्यात? हाडं."

"तेच म्हणतेय. हाडं राहिलीत, ती राहू दे ना इथं! जमीन विकलीस ती विकलीस. आता पाणी येतंय तर येऊ दे त्यांच्या अंगावर. लोकांना कळू दे काय बुडवलं ते."

"म्हणजे आई बुडाली की तुझा लेख छापून यायचा!"

"आणि आई उचलली की तुला झोप लागायची, होय ना?"

ओर्री आजवर दोघांच्या मध्ये पडायचं टाळत आला होता. तो इंजिनिअर होऊन धरणावरच कामाला लागला, तेव्हापासून घरात तो कुणाच्या बाजूचा, हे कोणी विचारत नसे. सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. आज मात्र त्याला राहवलं नाही.

"ऊनाआत्या, आजोबा असते ना, तर धरणाची पहिली कुदळ त्यांनी मारली असती."

हे खरं होतं, म्हणूनच ऊनाला जास्त झोंबलं. विजेचं वेड या घराला स्तेनग्रीमुरने, म्हणजे या तिघांच्या बापाने लावलं. किनाऱ्याच्या वाळूत एक इंग्रज मासेमारी जहाज रुतलं होतं. त्याचं लोखंड आणि तांबं घोड्यांवर लादून त्याने घरी आणलं, चार हिवाळे घणाने ठोकठोक केली आणि घरामागच्या ओढ्यावर टर्बाइन बसवलं. सगळं खोरं रॉकेलच्या वासात बसलेलं असताना बाक्कीत दिवे लागले. ओढ्यापासून घरापर्यंत त्याने खांब रोवले, आणि खांबांच्या डोक्यावर, जिला तार गुंडाळतात, ती चिनीमातीची पांढरी टोपी बसवली. तिला दुसरं काही नाव असेल, पण घरात सगळे टोपीच म्हणत. कपाटात जास्तीच्या टोप्यांची एक रांगच होती आणि तिला हात लावायची पोरांना बंदी होती.

"तुझ्या आजोबांनी ओढ्याकडून मागून घेतलं रे," ऊना म्हणाली. "चार दिवे, एक रेडिओ, आईची इस्त्री. ओढ्याचा गळा नव्हता आवळला. तुमची वीज तर इथल्या एकाही घरात जायची नाही. जायची ती अ‍ॅल्युमिनियमच्या भट्टीत."

"पण दिवा तो दिवाच," ब्रांदुर मध्येच म्हणाला. त्याचा आवाज एकदम सैल पडला. "आजी गेली तो दिवस आठवतो का, ओद्नी? दिवा गेला होता. दुपारचे तीन, पण बाहेर मिट्ट काळोख, आणि आजी सारखी म्हणत होती, मला अंधारात धाडू नका. आणि मग एकदम, भक्कन, दिवा आला! मी टाळ्या पिटल्या. आईने असा धपाटा घातला पाठीत, की आजी मरतेय आणि हा मेला टाळ्या वाजवतोय." तो हसला, आणि मग थांबला. "पण आला कसा गं तो? बाबा तर पाद्र्याला आणायला गेले होते."

ओद्नीने कॉफीचं भांडं चुलीवरून उचललं आणि परत चुलीवरच ठेवलं.

"आला असेल आपोआप," ती म्हणाली.

*

सेरा तोर्फी, म्हणजे तोर्फी पाद्री, आले ते पायांतला चिखल झटकत आणि उशिराबद्दल आपल्या जीपला दोष देत. मूळचे मेंढपाळाच्या घरचे. कुठल्याही घरात शिरले की आधी खिडकीतून गवताच्या गंज्या मोजायचे. आज मोजायला गंज्या नव्हत्या. त्यांनी कॉफी घेतली, धुरावलेल्या मांसाचा तुकडा भाकरीवर ठेवून खाल्ला आणि मग हात पुसून म्हणाले, "माझं एकच म्हणणं आहे. मी भांडणातली कबर उघडत नाही. एकेकाचं नाव घेतो. तुम्ही तिघांनी हो म्हटलं, तर ते माणूस माझ्याबरोबर होफला येईल. एकानेही नाही म्हटलं, तर त्या कबरीवर धरणाची कंपनी काँक्रीटची लादी घालेल आणि ते माणूस इथंच राहील. नंतर माझ्या दारात रडत यायचं नाही."

ब्रांदुर ऊनाकडे बघत राहिला. ऊना टेबलाकडे. आई-बाबांचं नाव निघालं तेव्हा मात्र तिचा पीळ सुटला. आईने मरताना, निजल्या जागी चर्चच्या घंटेचा आवाज ऐकू यायला हवा होता असं म्हटलं होतं, ते ऊनाच्याच मांडीवर. ती "न्या" म्हणाली आणि नाक पुसलं. आईबरोबर बाबा आलेच. अविवाहित काका, या तिघांचे आजोबा, त्यांनाही कोणी अडवलं नाही. ब्रांदुरच्या खांद्यांवरचा भार उतरत चाललेला दिसत होता.

"आणि आजी," सेरा म्हणाले. "वाल्गेर्दुर."

"न्यायची," ब्रांदुर म्हणाला.

"न्या," ऊना थकून म्हणाली.

"नाही," ओद्नी म्हणाली. "आजीला इथंच राहू दे."

या घरात ओद्नीचं "नाही" इतकं क्वचित ऐकू यायचं की ते कोणाचं हे कळायलाच एक क्षण लागला. मग ऊनाचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांनी तिच्या बाजूला कोणीतरी आलं होतं. ती उठली आणि तिने ओद्नीच्या खांद्याला मिठी मारली. ओद्नी लाकडासारखी उभी राहिली.

"आजोबांना न्यायचं आणि आजीला ठेवायची?" ब्रांदुर म्हणाला. "पन्नास वर्षं एका अंथरुणात काढली त्यांनी."

"पन्नास वर्षं भांडत काढली. आता पुरे झालं."

"ओद्नी, थट्टा करू नकोस. का? कारण तर सांगशील?"

ओद्नी चुलीतली लाकडं सारखी करू लागली. ब्रांदुर तिच्याकडे बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं असेल, नाहीतर दुःखाचं. धरणाला त्याने होकार दिला तेव्हा साऱ्या खोऱ्याने त्याला नावं ठेवली. एकटी ओद्नी काही बोलली नव्हती. त्या न बोलण्यावरच तो इतके दिवस उभा होता.

"वाटलं होतं, तू तरी," एवढंच तो म्हणाला आणि बाहेर गेला.

*

दिवा आपोआप येत नसतो, हे बाक्कीत ओद्नीइतकं कोणाला माहीत नव्हतं.

कडाक्याच्या थंडीत ओढ्याच्या पाण्यात बर्फाचा लगदा तयार होतो. तो टर्बाइनच्या तोंडाशी येऊन बसतो आणि पाणी अडतं. मग कोणाला तरी कमरेइतक्या पाण्यात उतरून लांब दांड्याच्या फावड्याने तो फोडावा लागतो. हे काम बाबांचं. पण त्या दिवशी बाबा नदीपार गेले होते, ब्रांदुर दहा वर्षांचा, ऊना त्याहून लहान, आई आजीच्या उशाशी. आजी अंधाराला घाबरत होती. ओद्नी वीस वर्षांची होती आणि तिच्या पोटात सातवा महिना होता. पोराचा बाप रस्त्याच्या कामावर आलेला एक माणूस. रस्ता पुढे सरकला तसा तोही पुढे सरकला. आईला माहीत होतं, बाबांनाही असावं. शेजारी कोणाला नव्हतं. तीन-तीन स्वेटरांखाली हिवाळ्यात काहीही झाकून जातं.

ती उतरली. लगदा फोडला. घराच्या खिडकीत दिवा लागलेला तिने पाण्यातूनच पाहिला, आणि तिला इतका आनंद झाला की पाठीतली कळ तिला आधी कळलीच नाही.

दिव्याच्या उजेडात आजी गेली. त्याच उजेडात, पलीकडच्या खोलीत, मुलगी झाली. ती रडली नाही.

मेलेलंच जन्मलेलं मूल तेव्हा वेगळं पुरत नसत. ना त्याचा बाप्तिस्मा, ना नाव, ना कबर. जवळपास जी शवपेटी बंद होणार असेल, तिच्यात ते हळूच पायाशी ठेवून देत. परक्याच्या का होईना, सोबतीने जावं म्हणून. ओद्नीच्या मुलीचं नशीब एवढंच, की तिला परकी पेटी शोधावी लागली नाही. आईने तिला तपकिरी शालीत गुंडाळलं आणि आजीच्या पायाशी ठेवलं. ओद्नी अंथरुणातून म्हणाली, टोपी राहिली. टोपी सुयांवर अर्धीच विणलेली होती.

"टोपीशिवाय चालेल," आई म्हणाली. "तिथं वारा नसतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा पाद्र्याला घेऊन आले. झाकणाला खिळे ठोकायचं काम त्यांनी एकट्याने केलं, दार लावून. त्याबद्दल पुढे जन्मात एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर मात्र लगदा फोडायला ते दुसऱ्या कोणाला जाऊ देईनात. ताप असला तरी स्वतः जायचे, आणि ओद्नी फावड्याला हात लावायला गेली तर हिसकावून घ्यायचे. तो राग आहे असं ती समजली. बाबा मरेपर्यंत समजत राहिली.

आता ती पेटी उघडायची. ब्रांदुरसमोर, ऊनासमोर, सिगारेट ओढणाऱ्या त्या दोन अनोळखी माणसांसमोर. कोणीतरी फावड्यावर काहीतरी उचलून धरणार आणि विचारणार, हे काय आहे? लाज होतीच. खोऱ्यात सरळमार्गी ओद्नी म्हणून ती वावरली होती, तो मान कोणाला नकोसा असतो? पण लाजेपेक्षा मोठी गोष्ट तो प्रश्न होता. आपल्या मुलीला कोणी "हे काय" म्हणावं, हे तिला सहन होणार नव्हतं. त्यापेक्षा पाणी बरं. पाणी काही विचारत नाही.

*

बादली घेऊन ती ओढ्यावर गेली तेव्हा ओर्री मागोमाग आला. टर्बाइनची खोपटी अजून उभी होती. दार निखळलं होतं, पण आतलं चाक शाबूत होतं.

"आत्या, तू ऊनाआत्यासाठी नाही म्हणालीस का?"

"मी कोणासाठी कशाला काही म्हणू?"

"मग तुला सांगायलाच हवं." तो बादली तिच्या हातून घेऊन पाण्यात बुडवू लागला, म्हणजे तिच्याकडे बघावं लागू नये. "तुला वाटत असेल, पाणी आलं की आलं. शांत, खोल, झाकून टाकणारं. तसं नसतं ते. धरण म्हणजे तळं नव्हे. उन्हाळ्यात भरतं, आणि हिवाळाभर वीज करता करता रिकामं होत जातं. ही कुंपणाची जागा आहे ना, ती मे महिन्यात उघडी पडणार. दरवर्षी."

"उघडी म्हणजे?"

"म्हणजे गवत नाही, काही नाही. गाळ. तो वाळतो. लाटा लादीखालची माती काढतात, आणि मग वारा आला की..." तो थांबला. "इथला वारा तुला काय सांगायचा."

"तुझ्या साहेबांनी हे सांगितलं नाही कोणाला."

"विचारलं तर सांगतात. कोणी विचारत नाही."

ओद्नी खोपटीच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिथं वारा नसतो, असं आईने सांगितलं होतं, आणि त्या एका वाक्याच्या आधारावर ती इतकी वर्षं रात्री झोपली होती. बर्फाचं वादळ खिडक्या हलवायला लागलं की ती तेच वाक्य मनात म्हणायची. आणि आता तिनेच वाढवलेला पोरगा तिला सांगत होता, की तिथंही वारा येणार.

"बादली राहू दे," ती म्हणाली. "सेरांना सांग, आजीला न्यायचं."

ऊनाला हे कळलं तेव्हा तिने वाद घातला नाही. ते जास्त वाईट होतं. "तू पण," एवढंच म्हणाली, आणि कुंपणाच्या भिंतीवर सगळ्यांकडे पाठ करून जाऊन बसली. ब्रांदुरने ओद्नीचा हात धरायला हात पुढे केला, पण तिने तो पाहिला नाही.

*

बाबा आणि आई सहज निघाले. त्यांना जाऊन फार वर्षं झाली नव्हती. काकांचे बूट निघाले, आणि ब्रांदुर म्हणाला, बूट चांगले आहेत, माझ्या मापाचे. यावर ऊनाची पाठसुद्धा हसण्याने हलली. आजोबांची कवटी हातात घेताना सेरा तोर्फी तिच्याशी बोलल्यासारखं काहीतरी पुटपुटले. मग आजीची कबर उघडली.

ओद्नी खड्ड्याच्या अगदी काठावर उभी होती. खणणाऱ्याने तिला दोनदा मागे सरायला सांगितलं, ती सरली नाही. पेटीची फळी कुजून काळ्या केकासारखी झाली होती. कवटी मिळाली. मांड्यांची हाडं मिळाली. आजीची वेणी जशीच्या तशी मिळाली, पिवळट पांढरी, टोकाला दोरा बांधलेली. खणणारा गुडघ्यांवर बसून हाताने माती चाळत पायांकडे सरकू लागला.

"इथं काही नाही," तो म्हणाला. "संपलं."

"पायाशी नीट बघा."

"बघितलं, बाई. ही माती आंबट. मोठ्या माणसाची हाडं थोडीफार ठेवते, बारीकसारीक सगळं खाते."

तो उठला आणि गुडघे झटकू लागला. ओद्नीला वाटलं होतं, काही सापडलं नाही तर आपण सुटलो. सकाळपासून देवाजवळ तेच मागितलं होतं. आता काही सापडलं नव्हतं आणि ती सुटली नव्हती. मुलगी होती, तिची बोटं होती, नखं होती, तिने स्वतः पाहिली होती. आणि आता ती नव्हतीच. विचारायलासुद्धा उरली नव्हती.

दुसऱ्याने शेवटचं फावडं मारलं आणि खण्णकन आवाज आला. त्याने ते काय ते बघितलं आणि वर गवतावर फेकून दिलं.

"कचरा," तो म्हणाला. "कपबिप दिसतोय."

ओर्रीने ते उचललं आणि बाहीने पुसलं. पांढरं, जड, मुठीत मावणारं. "अरे! ही तर आजोबांची टोपी! तारेची."

"इथं कशी येईल?" ब्रांदुर म्हणाला. "खांब सगळे पलीकडे. आणि पेटीच्या आत?"

"दे," ओद्नी म्हणाली.

तिने ती तळहातावर उलटी केली. चिनीमातीला एक चराही गेला नव्हता. आतल्या पोकळीत मातीबरोबर तपकिरी लोकरीचा एक विरलेला तुकडा चिकटून बसला होता. शालीचा.

दार लावून बाबा एकटे होते. त्यांनी खिळे ठोकायच्या आधी शाल उघडली होती. त्यांनी तिचं तोंड पाहिलं होतं. घरात बाळाच्या मापाचं काही नव्हतं, तेव्हा कपाटातल्या रांगेतली एक टोपी, जिला पोरांनी हात लावायची बंदी होती, ती त्यांनी आपल्या नातीला दिली होती. तिथं वारा नसतो हे आईचं म्हणणं बाबांना पटलं नव्हतं. राग नव्हता तो. इतकी वर्षं लगदा फोडायला ते एकटे जात होते, तो राग नव्हता.

ओद्नी गवतावर खाली बसली. पाहुणे असताना ती बसली हे पहिल्यांदाच.

*

नेताना कोणी मागे राहू नये म्हणून सेरा तोर्फींनी, डोंगरावरून उतरवलेल्या मेंढ्या मालकांत वाटून देतात, ती रीत ठेवली होती. कुंपणाच्या फाटकापाशी ते एकेक नाव घ्यायचे, घरचं कोणीतरी "आहे" म्हणायचं, आणि मग ती पेटी गाडीत चढायची. उत्तर आल्याशिवाय पुढचं नाव नाही. चार नावं झाली.

"वाल्गेर्दुर ब्यार्नादोत्तिर."

"आहे," ब्रांदुर म्हणाला. आजीची पेटी त्याच्या हातांत होती.

"झाले पाच," सेरा म्हणाले आणि टोपी डोक्यावर चढवू लागले.

"सहा," ओद्नी म्हणाली.

ती उठून फाटकापाशी आली होती. चिनीमातीची टोपी तिने दोन्ही हातांत धरली होती. ब्रांदुर म्हणाला, "काय सहा? पाचच तर पेट्या आहेत."

"पेटी नको. तिची जागा आजीच्या पायाशी आहे. आधीपासून." तिने टोपी पेटीत, खालच्या बाजूला, वेणीपासून दूर ठेवली. हात काढायला तिला वेळ लागला. "सेरा, तिचं नाव घ्या."

सेरा तोर्फी खोऱ्यात तीस वर्षं होते. जुन्या रिती त्यांना ठाऊक होत्या. त्यांनी पेटीत पाहिलं, मग ओद्नीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि चढवलेली टोपी पुन्हा काढली.

"नाव काय होतं?"

"ठेवलं नव्हतं."

"बापाचं?"

ओद्नीने नकारार्थी मान हलवली.

या देशात माणसाला आडनाव नसतं. नावापुढे फक्त एवढंच सांगतात, की हे कोणाचं लेकरू.

"मग कोणाची म्हणू?"

"माझी," ओद्नी म्हणाली.

ब्रांदुर हातातल्या पेटीकडे बघत होता, आणि ते सगळं त्याच्यापर्यंत हळूहळू पोचताना दिसत होतं. पायाशी ठेवलेली टोपी, आजीचा दिवस, पाणी, लगदा, दिवा.

"तो आपोआप आला नव्हता," तो म्हणाला. "ओद्नी. आणि मी टाळ्या वाजवल्या."

"लहान होतास रे."

"मी टाळ्या वाजवल्या गं."

तो रडायला लागला. हातात पेटी असल्याने त्याला डोळे पुसता येईनात. मग ऊना भिंतीवरून उतरली. लेखांतले शब्द इथं चालण्यासारखे नव्हते. तिने भावाच्या हातांखाली आपले हात घातले आणि पेटीचं अर्धं ओझं घेतलं. कित्येक महिन्यांत ती दोघं इतकी जवळ उभी राहिली नव्हती.

सेरा तोर्फींनी आवाज लावला, अगदी मेंढ्यांच्या वाड्यात लावतात तसा, पलीकडच्या डोंगराला ऐकू जाईल असा.

"ओद्नीयारदोत्तिर."

म्हणजे ओद्नीची मुलगी. हा शब्द ओद्नीने कधी ऐकला नव्हता. स्वतःशीसुद्धा कधी उच्चारला नव्हता. तो खोऱ्यावरून गेला, आणि कोणी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर कोणी द्यायचं हे कोणाला कळेना. सेरा थांबले. उत्तर आल्याशिवाय ते गाडीचं दार लावणार नव्हते.

"ओद्नीयारदोत्तिर," त्यांनी पुन्हा म्हटलं.

"आहे," ओद्नी म्हणाली. "आहे ती."